छोटा ट्रॅक्टर सारखा बंद पडतोय? पंप खोलायच्या आधी एवढं बघा

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला तीस-पस्तीस दिवस झालेले असतात. रात्री पावसाची एक सर पडून जाते आणि सकाळी साडेसहाला माझा फोन वाजतो. "ट्रॅक्टर बंद पडतोय रे. ये लवकर." निफाड तालुक्यात छोट्या ट्रॅक्टरची कामं करतोय त्याला आता सव्वीस वर्षं होतील. असा फोन आला की पान्यांची पेटी उचलायच्या आधी मी एकच विचारतो, "तात्या, बंद पडला म्हणजे कसा पडला?"

तात्यांना राग येतो. येणारच. डावणी रोग दारात उभा, ५०० लिटर पाण्यात औषध कालवून ठेवलेलं, आणि हा विचारतोय कसा पडला. पण त्या उत्तरात माझं निम्मं काम होऊन जातं. तुम्ही स्वतः नीट पाहिलंत तर मला बोलवायचीही गरज पडत नाही. १८ ते २८ एचपीचं इंजिन सारखं बंद पडतं तेव्हा दोष बहुतेक वेळा टाकी ते डिझेल पंप (इंजिनात दाबाने डिझेल सोडतो तो) एवढ्या चार-पाच फुटांत असतो. लोक मात्र पहिलं बोट पंपाकडे दाखवतात. पंप महाग, म्हणून बिघडला असेल तर तोच, असा काहीतरी हिशोब असतो.

एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून धुराच्या प्रदूषणाचे ट्रेम-४ नियम लागले आणि त्यांच्यात सेन्सर, कॉम्प्युटर आले. बागेत फिरणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरवर बहुतेक ठिकाणी अजून साधा यांत्रिक पंप आहे. लॅपटॉप लावायची भानगड नाही. डोळे, कान आणि १० चा पाना, यांवर बरंच काही निभावतं.

आधी कसा पडला ते बघा

चावी फिरवल्यासारखा खटकन मेला, आधी कुरकुर नाही, धूर नाही, तर वीज किंवा स्टॉपची दोरी बघायची. रेस वर-खाली करत, आचके देत, मधूनच पांढरा धूर सोडत गेला, तर डिझेल कमी पडतंय किंवा नळीत हवा शिरलीय. ब्लोअर (फवारणीचा पंखा) जोडल्यावर काळा धूर ओकत दबून गेला, तर इंजिनाला हवा पुरत नाही किंवा ओझं झेपत नाही. गरम झाल्यावरच पडतो आणि थंड झाल्याशिवाय उठत नाही, तर ती वेगळी गोष्ट. तिच्याकडे शेवटी येऊ.

बंद पडल्यावर पुन्हा स्टार्टर मारताना धुराड्याकडे बघा. इंजिन फिरतंय पण धुराचा ठिपकाही नाही, म्हणजे डिझेल आत पोचतच नाही. पांढुरका धूर येतोय पण पेट घेत नाही, म्हणजे डिझेल पोचतंय, जळत नाही. ही ओळख मला शिकवायला माझ्या उस्तादाने दोन वर्षं लावली, तुम्ही फुकटात घ्या.

अजून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. चालू केल्यापासून किती मिनिटांनी पडतो, आणि पडतो तेव्हा टाकीत डिझेल किती असतं. टाकी भरलेली असताना गुमान चालतो आणि अर्ध्याच्या खाली गेली की नखरे करतो, असं असेल तर नळी कुठेतरी हवा ओढतेय, हे मी बागेत न येता फोनवरच सांगतो.

टाकीचं झाकण

आता माझीच फजिती सांगतो. गॅरेज टाकून तिसरं वर्ष असेल. एका आबांचा ट्रॅक्टर दर वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडायचा. दहा मिनिटं थांबलं की मुकाट्याने चालू. मी फिल्टर बदलले, एअर (नळीत अडकलेली हवा) काढली, तरी तेच. मग छाती ठोकून पंप उतरवला आणि कॅलिब्रेशनला नाशिकला पाठवला. चार दिवस गेले, बाग शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर फवारली. पंप बसवला, आणि पंचविसाव्या मिनिटाला ट्रॅक्टर पुन्हा बंद!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गड्याने डिझेल भरलं आणि झाकण लावायलाच विसरला. त्या दिवशी ट्रॅक्टर सकाळपासून दुपारपर्यंत एकदाही थांबला नाही. मी झाकण उलटं करून उन्हात धरलं. मधल्या बारीक भोकात कुंभारमाशीने मातीचं घर करून ठेवलं होतं, अगदी लिंपून. डिझेल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला हवी. वाटच बंद, म्हणून टाकीत ओढ तयार व्हायची आणि डिझेल यायचं थांबायचं. थोडा वेळ गेला की कुठून तरी हवा झिरपायची आणि गाडी पुन्हा पुढे. काडीने माती टोकरली, काम संपलं. पंपाचे पैसे मी माझ्या खिशातून भरले. आबा नको म्हणाले, तरी भरले.

तेव्हा ट्रॅक्टर बंद पडला की त्याच क्षणी झाकण उघडा, कान जवळ ठेवून. फुस्स आवाज आला तर चोर सापडला. आवाज आला नाही तरी झाकण नुसतं सैल ठेवून, वर स्वच्छ फडकं टाकून दोन ओळी मारून बघा. न थांबता चालला तर झाकण रॉकेलमध्ये धुऊन भोक मोकळं करा. काही मॉडेलना झाकणाला भोक नसतं, टाकीच्या माथ्यावरून वेगळी श्वासनळी निघते. तिचं तोंड बघा.

टाकीचं बूड

झाकण ठीक असेल तर टाकीचं तळ. बागायतदार डिझेल कॅनमधून, ड्रममधून ओततात आणि ते ओतणं घाईचं असतं. टाकीत मी काय काय पाहिलंय: द्राक्षाचं वाळकं पान, सुतळीचा तुकडा, कॅनच्या झाकणाखालचा पातळ प्लास्टिकचा चकता. हा चकता सगळ्यात बेरकी. इंजिन चालू असताना ओढीने नळीच्या तोंडावर जाऊन चिकटतो, बंद पडलं की सुटून तरंगत बाजूला जातो. मेकॅनिक येतो तेव्हा सगळं छान.

तपासायची रीत सोपी. फिल्टरकडे येणारी नळी सोडा आणि पाण्याच्या रिकाम्या पारदर्शक बाटलीत धरा. टाकी वर असलेल्या ट्रॅक्टरला धार आपोआप यायला हवी, आणि बाटली भरेपर्यंत तिची जाडी तीच राहायला हवी. आधी जाड येऊन मग करंगळीची काडी झाली, तर तळाशी काहीतरी अडलंय. झाकण उघडं ठेवून त्याच नळीतून सायकलच्या पंपाने उलटी हवा मारली की तेवढ्यापुरतं सुटतं. पण कचरा आतच राहतो, म्हणून सवडीने टाकी उतरवून धुवायचीच.

ती बाटली फेकू नका. पंधरा-वीस मिनिटं सपाट जागी ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर बसतो, दोघांच्या मधली रेघ स्पष्ट दिसते. काळपट, शेंबडासारखी मळी असेल तर पाणी बरेच दिवस मुरलंय असं समजा.

पाणी येतं कुठून? पेट्रोलपंपावरूनच आलं असेल असं सगळे म्हणतात, आणि कधी येतही असेल. पण निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. अर्धी रिकामी टाकी रात्रभर गारठली की वरच्या पत्र्याला आतून घाम धरतो, तो थेंब-थेंब डिझेलमध्ये उतरतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत टाकी संध्याकाळी भरून ठेवा, सकाळी नको. आणि ड्रममधून नळी लावून काढत असाल तर शेवटचं चार बोटं डिझेल ड्रममध्येच राहू द्या.

वाटी, फिल्टर आणि तो जुना रबर

फिल्टरच्या आधी काचेची किंवा प्लास्टिकची वाटी असेल तर ती महिन्यातून एकदा उघडून पुसायची. फिल्टर किती तासांनी बदलायचा ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. माझा अनुभव म्हणाल तर कॅनचं डिझेल वापरणाऱ्याने त्याच्या निम्म्यावरच बदलावा. दोन फिल्टर असतील तर दोन्ही बदला. एकच बदलून पैसे वाचवणाऱ्यांकडे मी वर्षातून दोनदा जातो.

घरी फिल्टर बदलताना एक चूक हमखास होते. जुन्या फिल्टरचा काळा रबर वरच्या हेडला चिकटून राहतो, दिसत नाही, आणि त्याच्यावर नव्याचा रबर बसतो. दोन रबर एकमेकांवर नीट बसत नाहीत, तिथून हवा शिरते. "कालच फिल्टर बदलला आणि आजपासून बंद पडतोय" असं कोणी म्हटलं की मी पहिल्यांदा हेडच्या खाचेत बोट फिरवतो.

एअर काढणं

हे प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला यायला हवं, गाय पिळता येते तसं. टाकीत निदान निम्मं डिझेल, कॉक उघडा. फिल्टरच्या डोक्यावर छोटा स्क्रू असतो, बहुतेक १० च्या पान्याचा. भोवतालची धूळ आधी फडक्याने पुसून घ्या, नाहीतर तीच आत जाते. स्क्रू एक-दीड आटा सैल करा, काढू नका. फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हाताने दाबायची कळ असेल तर ती दाबत राहा. नसेल आणि टाकी वर असेल तर डिझेल आपल्या वजनाने येईल, जरा दम धरा.

आधी सुर्रर्र असा आवाज येतो. मग ताकावरच्या फेसासारखा पांढरा फेस. मग फेसात मोठे बुडबुडे, मग एक-एक तुरळक. आणि मग अचानक धार काचेसारखी होते. इथे लोक घाई करतात. धार स्वच्छ झाल्यावर अजून दहा वेळा कळ दाबा, एखादा लपलेला बुडबुडा येतोच. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. आधी धार थांबवून मग आवळलात तर हवा परत आत ओढली जाते. दुसरा फिल्टर असेल तर त्याचं तसंच, आणि शेवटी पंपावरच्या स्क्रूचं. टाकीकडून पंपाकडे, हा क्रम उलटा करायचा नाही.

तरीही उठला नाही तर नोझलवर (इंजिनात डिझेल फवारतं ते) येणाऱ्या पोलादी नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करा, हातातली रेस पूर्ण करा, आणि कुणालातरी स्टार्टर मारायला सांगा. प्रत्येक नटाशी डिझेल थुंकल्यासारखं उडायला लागलं की आवळा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही, मध्ये अर्धा-एक मिनिट विसावा. नाहीतर एअर निघेल आणि बॅटरी जाईल. आणि या नळ्यांपाशी बोट किंवा तळहात लावून "येतंय का" हे बघायचं नाही. पंपाचा दाब दीड-दोनशे किलोच्या घरात असतो, ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण त्यापायी बोट कापायची पाळी येऊ शकते. असं कधी झालं तर हळद लावून घरी बसू नका, सरळ दवाखाना.

एअर काढली, ट्रॅक्टर चालला, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग एअर काढत बसू नका, ती शिरते कुठून ते शोधा. इथे भलेभले चकतात, कारण नळी जिथे डिझेल ओढते तिथे फट असली तरी डिझेल बाहेर गळत नाही, हवाच आत जाते. वरून सगळं कोरडं ठाक. रबरी नळी हाताने वाकवून बघा, बारीक भेगा वाकवल्यावरच दिसतात. क्लिप सरकवून तिच्याखाली बघा. शेडमध्ये ट्रॅक्टर महिनाभर उभा होता का? उंदराचे दात बघा. बेंजो बोल्टचे (नळीच्या जोडातला पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर खोलल्यावर परत तेच लावलेत का? चार वॉशर बदला, पाच मिनिटांचं काम.

तरी सापडत नसेल तर माझी युक्ती. वीतभर पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या, पंपाच्या अलीकडे मध्ये जोडा आणि इंजिन चालू करा. बुडबुडे पळताना डोळ्यांना दिसतात. मग ती नळी एक-एक जोड मागे टाकीकडे सरकवत न्या. जिथे बुडबुडे थांबले, त्याच्या पुढच्या, म्हणजे पंपाकडच्या जोडात फट. नळी फक्त तपासणीपुरती, कायमची ठेवू नका, गरमीने मऊ पडते.

खटकन मरणारा

आधी स्टॉपची दोरी. इंजिन बंद करायला जी मूठ ओढता, तिची दोरी गंजून अडखळते आणि पंपावरचा दांडा अर्धवट बंद अवस्थेत राहतो. धक्का बसला की आणखी सरकतो, इंजिन मरतं. मूठ पूर्ण आत ढकला आणि खाली वाकून दांडा खरोखर परत गेला का ते बघा. चार थेंब ऑईल. अशा कामासाठी मी बारा किलोमीटर गेलोय.

मूठ नाही, चावीनेच बंद होतो, तर पंपाजवळ सोलेनॉइड असतं, म्हणजे डिझेल बंद-चालू करणारी विजेची कळ. चावी ऑन केल्यावर बहुतेक मॉडेलना तिथून टक् असा आवाज येतो. काहींना चालण्यासाठी करंट लागतो, काहींना थांबण्यासाठी. पहिल्या जातीत वायर क्षणभर जरी सुटली तरी इंजिन बंद. इंजिन चालू ठेवून वायरचा जुडगा एकेक जागी हळूच हलवा. जिथे हलवल्यावर मेला, तिथे वायर घासलीय. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं फूल धरलं असेल तर ते गरम पाण्याने धुवा. काही मॉडेलना सीटखाली किंवा पीटीओच्या (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) दांड्याला सुरक्षेचा स्विच असतो, तो सैल झाला तरी हेच. स्विच सापडला म्हणून वायरी जोडून कायमचा बाद करू नका. फिरत्या शाफ्टमध्ये गळ्यातलं उपरणं गेलेलं मी पाहिलंय, जास्त लिहीत नाही.

काळा धूर

एअर क्लीनर. ऑईलचा असेल तर वाटीतलं ऑईल चिखल झालेलं असतं, ते बदला. कोरडा असेल तर आतून बाहेर हलक्या हवेने फुंका. बाहेरून मारलीत तर धूळ कागदात आणखी रुतते. मग ब्लोअर. इंजिन बंद, चावी खिशात, आणि पंखा हाताने फिरवून बघा. जड फिरतोय? बेअरिंग गेलीय, ट्रॅक्टर बिचारा निर्दोष आहे. पीटीओ कमी रेसवर खटकन जोडला तरी छोटं इंजिन दबून मरतं. थोडी रेस देऊन जोडा, मग पुस्तिकेत पीटीओच्या ५४० फेऱ्यांना जी रेस दिलीय तिथे न्या. नुसत्या आयडलवरच (ओझं नसतानाची मंद रेस) मरत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर आयडलचा स्क्रू पाव आटा, बस्स.

गरम झाल्यावर

तापमानाचा काटा वर गेला असेल तर रेडिएटरची जाळी बघा. बागेत पानं आणि औषधाची पांढरी पूड ओली होऊन जाळीवर खापरी धरते. इंजिन थंड झाल्यावर पंख्याच्या बाजूने बाहेर पाणी मारा, बेताच्या दाबाने, नाहीतर पात्या वाकतात. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे सांगायला नको, तरी दरवर्षी कोणीतरी भाजून घेतं.

काटा जागेवर आहे, झाकण, नळ्या, फिल्टर सगळं बघून झालंय, आणि तरी तासाभराने मरतो आणि गरम असेपर्यंत उठतच नाही, तर आता पंपाकडे बोट दाखवा. झिजलेल्या पंपातून गरम, पातळ झालेलं डिझेल मागे निसटतं आणि स्टार्टरच्या मंद फेऱ्यांवर दाब धरत नाही. खात्री करायची असेल तर इंजिन बंद असताना पंपावर ओलं फडकं गुंडाळा, पाच-सात मिनिटं दोनदा-तीनदा बदला आणि मग स्टार्टर मारा. लगेच उठला तर पंपच. चालू इंजिनावर बादलीने गार पाणी ओतून ही परीक्षा करू नका, पंप तिथेच अडकून बसेल.

पंपाचं सील मात्र शेडमध्ये तोडू नका, मीही तोडत नाही. तो टेस्ट बेंच असलेल्या दुकानातच उघडायचा. सोबत चिठ्ठीत लिहा: किती मिनिटांनी पडतो, धूर कसा, ओल्या फडक्याने उठला की नाही. आणि पंप उतरवलात तर उघड्या राहिलेल्या नळ्यांच्या तोंडांना प्लास्टिकची पिशवी लावून रबर बांधा. दुकानातून पंप यायला चार दिवस लागतात, आणि कुंभारमाशीला भोकाची चौकशी करायची सवय नाही.